वेल्डिंग जनरेटर अडला? आधी हर्ट्झ बघा, मग पाना उचला

इंजिनवर चालणारं वेल्डिंग मशीन रुसलं की बहुतेकांचा हात थेट अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, मागच्या जाळीकडे जातो. जाळी उघडली जाते, कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) निघतात, कुणीतरी एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) बदलायला सांगतं. अर्धा दिवस आणि बरेच पैसे गेल्यावर कळतं की टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र मातीनं बुजलं होतं. रावेर-यावलच्या शिवारात बोअरची केसिंग अर्धी खाली सोडलेली असते आणि बोअरची गाडी ताशी भाडं खात उभी असते. अशा वेळी ही अर्ध्या दिवसाची चूक फार महागात पडते.

चूक होण्याचं कारण मशीनच्या रचनेतच आहे. एकच इंजिन, एकच अल्टरनेटर, पण बाहेर तोंडं दोन: एक वेल्डिंगचं आणि एक २३० व्होल्टच्या सॉकेटचं. इंजिन जरा मंदावलं तरी लक्षण वेल्डिंगवर दिसतं आणि दोष वायंडिंगच्या (तांब्याच्या गुंडाळीच्या) माथी जातो. म्हणून या लेखात सगळा तपास एका आकड्यापासून सुरू केला आहे. तो आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते ते; ती हर्ट्झमध्ये मोजतात.

हात लावण्याआधी

पेट्रोल इंजिन असेल तर प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. सेल्फ स्टार्ट असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कॅपॅसिटरवाल्या मशीनमध्ये इंजिन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. साध्या २३० व्होल्टच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो उतरवा. पेचकसानं ठिणगी पाडून उतरवायची सवय सोडलेली बरी.

पावसात किंवा उन्हाच्या तडाख्यात मशीन गोठ्यात, पंपाच्या खोलीत नेऊन चालवण्याचा मोह होतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. मशीन उघड्यावर ठेवा, सावली हवी असेल तर वर फक्त ताडपत्री धरा. चेंजओव्हर स्विच (लाइनची वीज किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) नसताना हा जनरेटर घरच्या किंवा विहिरीच्या बोर्डात जोडू नका. तुमची वीज उलटी तारेत गेली तर पुढच्या खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

पहिला आकडा: हर्ट्झ

फ्रिक्वेन्सी दाखवणारा साधा मल्टिमीटर पुरतो. मशीन चालू करा, ऑटो आयडल (लोड नसताना वेग आपोआप कमी करणारी सोय) असेल तर तो बंद करून इंजिन पूर्ण वेगावर आणा आणि सॉकेटमध्ये हर्ट्झ व व्होल्ट दोन्ही मोजा. छोटी पेट्रोल मशीनं बहुधा दोन पोलची (चुंबकाच्या दोन टोकांची) असतात, त्यांना ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात. पट्ट्यावर चालणाऱ्या डिझेल सेटवरचा चार पोलचा अल्टरनेटर १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो. बिनलोड मशीन ५१ ते ५३ दाखवत असेल तर वेग बरोबर आहे, लोड आल्यावर तो ५० च्या आसपास उतरतो.

ऑटो आयडल चालू ठेवून मोजलं तर आकडे कमी येणारच. त्या अवस्थेत शंभर-दीडशे वॅटपेक्षा कमी लोड इंजिनला जाणवतही नाही. मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी बल्ब लावून 'करंट कमी येतो' म्हणणाऱ्याचं मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आता रोख ठरवा. हर्ट्झ कमी असतील तर दोष इंजिनकडे आहे आणि व्होल्टेजही त्यामुळेच कमी दिसतं. हर्ट्झ बरोबर पण व्होल्ट नाहीत, तर अल्टरनेटर. दोन्ही बरोबर असून वेल्डिंग होत नसेल तर वेल्डिंगची बाजू बघायची. बिनलोड सगळं छान आणि रॉड टेकवला की हर्ट्झ ४७ च्याही खाली, तर इंजिनात दम नाही, पट्टा घसरतोय किंवा मागणीच जास्त आहे.

इंजिन मंद असताना एव्हीआरचा स्क्रू फिरवून २३० व्होल्ट आणू नका. कमी वेगात तेवढं व्होल्टेज काढायचं तर रोटरमधून (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागातून) जास्त करंट जातो आणि रोटर तापतो. जळालेले रोटर रिवाइंडिंगच्या दुकानात या कारणानंही येतात.

इंजिन सुरूच होत नाही

पेट्रोल इंजिन असेल तर आधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगी तोडतो आणि दोरी ओढून दंड भरून येतात. ऑइल पुरेसं असलं तरी मशीन बांधाच्या उतारावर किंवा वाकड्या ट्रॉलीत ठेवलेलं असेल तर सेन्सरला ते कमीच वाटतं. सपाट जागेवर ठेवून परत ओढा. तरी ठिणगी नसेल तर सेन्सरची वायर क्षणभर सोडून तपासा. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर सेन्सर बदला. वायर तोडून मशीन तसंच चालवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बिनऑइलचं इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

दोरी आठ-दहा वेळा ओढून झाल्यावर प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, दोष ठिणगीचा आहे किंवा चोकमुळे इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर करा, चोक उघडा ठेवून ओढा. ठिणगी बघायची तर प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलचा रस्ता तपासा: कॉक, फिल्टर, पाइप आणि शेवटी कार्बोरेटरचा वाटीसारखा भाग. त्याच्या तळाचा स्क्रू सोडला की धार यायला हवी. आधी पाणी निघालं आणि मग पेट्रोल, तर कारण सापडलं.

पाण्याचा हा प्रकार आता जास्त दिसतो, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल म्हणूनच भरवशाचं नाही. जेट बुजला असेल तर तो काढून नायलॉनच्या बारीक धाग्यानं साफ करा. लोखंडी तार घातली की भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं काळा धूर टाकतं.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालून मरतंय, थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतंय? टाकीचं झाकण ढिलं करून चालवून बघा. फुस्स करून हवा आत गेली आणि मशीन चालत राहिलं तर झाकणाचं छिद्र बुजलेलं आहे. काळ्या मातीची धूळ या कामात पटाईत आहे.

डिझेलचा खाक्या वेगळा. टाकी एकदा कोरडी पडली की लाइनीत हवा धरते. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा, हातपंप असेल तर तो मारा, नसेल तर टाकी उंचावर असल्यानं डिझेल आपोआप उतरतं. बुडबुडे संपून सलग धार आली की स्क्रू आवळा. मग नोझलकडच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सोडून इंजिन फिरवा, तिथंही बुडबुडे थांबले की आवळा. नट सोडलेला असताना हात किंवा चेहरा समोर नेऊ नका. दाबातलं डिझेल कातडी फोडून आत जातं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. हवा काढूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होत असेल तर कुठलातरी वायसर किंवा पाइप हवा ओढतोय. टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे वायसर एकदाच बदला, एकेक करून बदलण्यात वेळ जातो.

चालतं, पण वेग धरत नाही

इंजिन वर-खाली हेलकावे घेत असेल, म्हणजे ज्याला गॅरेजवाले हंटिंग म्हणतात, तर चोक थोडा ओढून बघा. चोकनं आवाज एकसारखा झाला तर पेट्रोल कमी पडतंय: जेट अर्धवट बुजलाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला गॅस्केट हवा घेतोय. चोकनं काहीच फरक पडला नाही तर गव्हर्नरची (इंजिनचा वेग राखणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग आणि दांडा बघा. दांडा हातानं मोकळा हलला पाहिजे. वेगाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं, हर्ट्झवर नजर ठेवूनच फिरवायचा. कानाच्या अंदाजानं सेट केलेलं मशीन ५६-५७ हर्ट्झवर पळताना आढळतं आणि मग मालकाच्या ग्राइंडरचे आर्मेचर जळत राहतात.

पट्ट्यावरच्या सेटमध्ये एक वेगळी खूण सापडते. रॉड टेकवल्यावर इंजिनचा आवाज जवळपास तसाच राहतो पण हर्ट्झ कोसळतात. म्हणजे इंजिन पळतंय, अल्टरनेटर मागं राहतोय, पट्टा घसरतोय. पट्टा ताणा. जोडीचे पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर नवा पट्टा सगळा भार घेतो आणि जुना नुसता फिरतो.

आवाज आणि हर्ट्झ दोन्ही पडत असतील तर एअर फिल्टर काढून अर्धा मिनिट चालवून बघा, तेवढंच, कारण धूळ आत गेली तर रिंगा घासतात. फरक पडला तर फिल्टरच दोषी. जिनिंगच्या आवारात काम करणाऱ्यांनी फिल्टरची ही तपासणी दर आठवड्याला करावी. दिवाळीपासून पुढं कापसाचा हंगाम असतो, तेव्हा हवेतली रुई फिल्टरवर आणि सिलिंडरच्या पंखांवर गादीसारखी बसते. पंख झाकले गेले की एअर कूल्ड इंजिन तापतं, अल्टरनेटरची जाळी झाकली की वायंडिंग. ब्लोअरनं हवा आतून बाहेर मारा, पाणी मारू नका. आणि तिथं वेल्डिंग करताना ठिणगी रुईत गेली तर बादलीभर पाण्यानं भागत नाही, एक माणूस फक्त आगीवर लक्ष ठेवायला उभा करा.

हर्ट्झ बरोबर, व्होल्ट नाहीत

आधी सर्किट ब्रेकर. तो पडलेला असेल तर वेल्डिंग चालू आणि सॉकेट बंद, असं दिसतं. दोन्ही बंद असतील तेव्हाच पुढं वाचा.

मीटरवर दोन-पाच व्होल्ट दिसत असतील तर चांगली बातमी: रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व शाबूत आहे, फक्त एक्सायटेशन (रोटरला चुंबक बनवणारा करंट) वाढत नाहीये. अगदी शून्य असेल तर चुंबकत्व गेलंय किंवा वायर कुठंतरी तुटलीय. वर्षभर पडून राहिलेल्या मशीनमध्ये पहिला प्रकार होतो.

कार्बनवाल्या मशीनमध्ये कार्बन काढा. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर बदला. स्लिप रिंग (कार्बन जिच्यावर घासतो ती कडी) काळी किंवा खडबडीत असेल तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करून धूळ पुसा. दोन रिंगांमधला रेझिस्टन्स मोजा, लहान मशीनमध्ये तो बहुधा काही दहा ओहम असतो, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर रोटर बॉडीला लागलाय, तो रिवाइंडिंगलाच जाणार.

एव्हीआर बदलायच्या आधी एक चाचणी करा. एव्हीआरचा कनेक्टर काढा. कार्बनच्या दोन टोकांना १२ व्होल्टची बॅटरी लावा, मध्ये मोटरसायकलचा किंवा गाडीचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा आणि प्लसला प्लस पाळा. बल्ब लख्ख पेटला तर रोटर शॉर्ट आहे, तिथंच थांबा. बल्ब मंद किंवा बंद राहिला तर इंजिन चालू करून व्होल्ट मोजा. पूर्ण २३० येणार नाहीत, पण आधीपेक्षा ठळकपणे जास्त आले तर रोटर आणि स्टेटर (बाहेरची स्थिर गुंडाळी) ठीक आणि एव्हीआर मेलेला. बॅटरी काढून एव्हीआर परत जोडल्यावर मशीन आपोआप चालू लागलं तर फक्त चुंबकत्व गेलेलं होतं, एव्हीआर विकत घ्यायची गरजच नाही.

कॅपॅसिटरवाल्या मशीनला कार्बन नसतात. तिथं पहिला संशय कॅपॅसिटरवर. फुगलेला किंवा गळणारा कॅपॅसिटर डोळ्यांनी कळतो, नाहीतर मीटरवर मायक्रोफॅराड मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक नको. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅराडचा, ४५० व्होल्टचा, मोटर रन प्रकारचा घ्या. मोटर सुरू करण्याचा स्टार्ट कॅपॅसिटर लावला तर तो सतत चालण्यासाठी बनलेलाच नसतो, थोड्याच वेळात फुटतो. गावात पंख्याचा मिळतो म्हणून तोही लावू नका, त्याची क्षमता फारच कमी असते.

सगळं ठीक, पण रॉड चिकटतो

अमळनेर-पारोळ्याकडं ही तक्रार एका दमात येते: इंजिन चालस, करंट येस, पन रॉड चिपकस. इथं दहातले बरेच दोष मशीनच्या बाहेर सापडतात, म्हणून झाकण बंदच ठेवा.

होल्डर हवेत धरून, वेल्डिंगच्या दोन टोकांमध्ये बिनलोड व्होल्टेज मोजा. बहुतेक मशीनं ६० ते ८० व्होल्ट देतात. तेवढं असेल तर अर्थचा क्लॅम्प बघा. गंजलेल्या, रंगवलेल्या नांगरावर क्लॅम्प लावला की व्होल्टेजचा बराच भाग तिथंच उष्णता होऊन जातो. लोखंड घासून पांढरं करा, क्लॅम्प कामाच्या जागेजवळ लावा. मग वेल्डिंग चालू असताना दुसऱ्याला मीटर धरायला सांगा: मशीनच्या टर्मिनलपासून क्लॅम्पच्या जबड्यापर्यंत दोन व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर लग, थिंबल किंवा केबल खराब आहे. हाताला गरम लागणारा जोड शोधा, तोच तो.

केबलचं गणित एकदा समजून घ्या. मशीन बांधावर आणि काम वीस मीटर आत असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं झालं. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये १५० अँपिअरला साधारण चार व्होल्ट पडतात, अॅल्युमिनियम असेल तर पावणेसात. आर्क स्वतः चोवीस-पंचवीस व्होल्टवर चालतो, तेव्हा हा घाटा लहान नाही. उरलेली केबल ट्रॉलीच्या लोखंडावर गुंडाळूनही ठेवू नका, एसी मशीनमध्ये त्या वेटोळ्यानं करंट आणखी कमी होतो. ती जमिनीवर लांब पसरा.

बिनलोड व्होल्टेज निम्म्यावर आलंय आणि आर्क थुंकतोय, असं डीसी मशीनमध्ये दिसलं तर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) एखादा डायोड गेलाय. इंजिन बंद करून, डायोड मोकळा करून, मीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही बाजूंनी तपासा: एका बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या आसपास, उलट बाजूनं काहीच नाही. दोन्हीकडून दाखवला किंवा दोन्हीकडून दाखवलाच नाही, तर बदला. नवा लावताना हीटसिंकला थर्मल पेस्ट विसरू नका.

आणि रॉड. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की साधा ६०१३ प्रकारचा रॉड सुद्धा फटफटतो, त्याला शंभर अंशांच्या आसपास वाळवता येतं. ७०१८ ला मात्र अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढचा ओव्हन लागतो, उन्हात वाळवून उपयोग नाही.

दोष नाहीच, मागणी जास्त आहे

३.१५ मिलिमीटरचा रॉड ११० अँपिअरवर जळतो. आर्कचे साधारण २४ व्होल्ट धरले तर पावणेतीन किलोवॅट झाले आणि अल्टरनेटरचं नुकसान धरून इंजिनकडून चारएक किलोवॅट हवेत, म्हणजे साडेपाच ते सहा हॉर्सपॉवर. ४ चा रॉड १६० अँपिअरवर नेला की हीच मागणी साडेआठ-नऊच्या घरात जाते. सहा हॉर्सपॉवरच्या मशीनवर ४ चा रॉड लावून मशीनमध्ये दोष आहे म्हणणं चुकीचं आहे. वेल्डिंग चालू असताना दुसऱ्यानं सॉकेटवर ग्राइंडर लावला तरी दोघांचंही काम बिघडतं, कारण शक्ती एकाच इंजिनातून येते.

सातपुड्यावर काम असेल तर आणखी सूट द्या. दर तीनशे मीटर उंचीला इंजिन सुमारे तीन-साडेतीन टक्के शक्ती गमावतं. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, तिथं दहा टक्के गेलेच. वर पेट्रोल इंजिन काळा धूर टाकतं तेही विरळ हवेमुळे. अशा ठिकाणी २.५ चा रॉड घ्या आणि ६० ते ९० अँपिअरवर दोन पास मारा.

पावसाळ्यानंतर, आणि दुकानात नेताना

चार महिने झाकून ठेवलेल्या मशीनचं वायंडिंग ओलसर असतं. एव्हीआर आणि डायोड काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्शुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) तपासा, एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर चालू करू नका. जाळी उघडून ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस ठेवा किंवा रात्री आत शंभर वॅटचा बल्ब लावून ठेवा. पुन्हा मेगर लावा.

इतकं करूनही दोष निघाला नाही तर दुकानात न्या, पण कागदावर चार आकडे लिहून न्या: बिनलोड हर्ट्झ, बिनलोड व्होल्ट, वेल्डिंगच्या टोकांचं व्होल्टेज आणि लोडवरचे हर्ट्झ. रोटरचा रेझिस्टन्स मोजला असेल तर तोही. टाकी रिकामी करून, कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून घ्या, आणि एअर फिल्टरचं झाकण दोरीनं बांधा, कारण पिकअपमध्ये ते हमखास पडतं आणि नवं सहज मिळत नाही.